आरसा करायचा राहिला

१

मासिकाच्या ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. समोर म्हणत आणि मागेही म्हणत, त्यामुळे तिला त्यात वावगं काही वाटत नसे. एकवीस वर्षं ती तिथे फोटो सुधारायचं काम करत होती. व्यायामाचं, आहाराचं, बायकांच्या तब्येतीचं मासिक होतं ते. दर महिन्याला कव्हरवर एक बाई असायची, आणि कात्रीच्या टेबलावरून पुढे जाताना ती आली होती त्यापेक्षा जरा कमी होऊन जायची.

सकाळी साडेनऊला यायचं, फडक्याने स्क्रीन पुसायचा, चहाचा कप डाव्या हाताला ठेवायचा आणि पेन उचलायचं. हे पेन कागदावरचं नव्हे. काळ्या पाटीवर फिरवलं की समोर स्क्रीनवर माणसाची कंबर आत जाते, असलं पेन. ते धरून धरून तिच्या मधल्या बोटावर वाटाण्याएवढा घट्टा पडला होता. हात मात्र असा साफ, की तिने कुठे काय काढलं ते भल्याभल्यांना सापडत नसे. त्या धंद्यात हीच शाबासकी.

ऑफिसाचा एक नियम होता. कव्हर मंजूर झालं की कच्चा, हात न लावलेला फोटो उरू द्यायचा नाही. कधीकाळी एक कच्चा फोटो बाहेर गेला होता आणि मासिकाची चांगलीच शोभा झाली होती. तेव्हापासून मंजुरी मिळाली की कात्री आपल्याकडचा कच्चा फोटो पुसायची आणि फोटोग्राफरलाही पुसायला लावायची.

घरी तिला तीच खोड. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. त्याला पाठवायच्या प्रत्येक फोटोत ती स्वतःला आधी दोन बोटं आत घ्यायची, हनुवटीखाली थोडी सारवासारव करायची, आणि मूळ फोटो पुसून टाकायची. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, की मी घरी येतो तेव्हा भेटते ती बाई कोण. तिला तेव्हा हसू आलं होतं.

२

त्या महिन्याचं कव्हर होतं ‘पन्नाशीतली ताकद’. फोटो एका कोचचा होता. गावाच्या कडेला, गॅरेजच्या वरच्या मजल्यावर ती बायकांची जिम चालवायची. वय एकावन्न. फोटोत ती वाकून लोखंडी बार उचलत होती. बार गुडघ्यांपर्यंत आला होता, त्याच्या दोन्ही टोकांना मोठाल्या लाल प्लेटा. मागे भिंतभर आरसा, आणि आरशात तिची पाठ.

कात्रीने फोटो उघडला आणि चहा निवेपर्यंत नुसती बघत राहिली. एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काय बाई होती! मांड्या भरदार, खांदे रुंद, दंडावरची शीर जाड आणि निळी. पोट पुढे आलेलं, त्यावर बाळंतपणाच्या रुपेरी रेघा, आणि त्या पोटात भरून धरलेला श्वास फोटोतही दिसत होता. चेहऱ्यावर त्रास नव्हता. सुईत दोरा ओवताना माणूस जसं गप्प होतं, तशी ती गप्प होती.

संपादकबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही फोटो आवडला असावा, कारण त्यांनी वाकून तो जवळून पाहिला. मग म्हणाल्या, “ताकद राहू दे. पन्नाशी काढ.”

कात्रीने पन्नाशी काढली. पोट आत घेतलं, रेघा पुसल्या, मांड्यांचा बाहेरचा भाग छाटला, दंड निमुळते केले. संध्याकाळी खुर्चीत मागे टेकून पाहिलं, तर स्क्रीनवर एक छान, कुठलीही बाई उभी होती.

मग तिच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली. आरसा करायचा राहिला होता. पुढे बाई बारीक आणि मागे आरशात तिची पाठ जशीच्या तशी, रुंद. ही चूक शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात करतात आणि बोलणी खातात. कात्रीने इकडेतिकडे बघितलं, कुणाच्या नजरेला यायच्या आत आरशातली पाठही छाटली, आणि फाइल सेव्ह करून घरी गेली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली, तर आरशातली पाठ पुन्हा रुंद होती.

ती स्वतःशीच हसली. सेव्ह करताना घाई झाली असणार, वय होत चाललं आपलंही. तिने पेन उचललं, आणि ते हातातच राहिलं. पुढे कोचच्या हातातला बार गुडघ्यांशी होता. आरशात त्याच्या लाल प्लेटा मांड्यांच्या वरपर्यंत आल्या होत्या.

कात्री काही खुळी बाई नव्हती. तिने फोटोग्राफरला फोन लावला. दोन फोटो एकमेकांत मिसळले असतील, एकात बार खाली, दुसऱ्यात वर. फोटोग्राफर म्हणाला, एकच फोटो दिलाय; बाकीच्या सगळ्यांत तिचे डोळे मिटलेले होते, म्हणून तिथेच पुसले. आरसा तिरका असेल, त्याने उंची फसवी दिसते, असंही तो म्हणाला. कात्रीला ते पटलं, कारण तिला पटवून घ्यायचं होतं. तिने पाठ पुन्हा छाटली, प्लेटा पुन्हा खाली आणल्या आणि दोनदा सेव्ह केलं.

खुर्चीवरून उठताना कुठेतरी धप्प झालं. रबराच्या जमिनीवर काहीतरी जड टेकावं तसं. वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवत असेल, असं म्हणून ती जेवायला गेली. ऑफिस सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं, हे तिला जेवता जेवता आठवलं.

४

घरी मात्र धप्प आवाज कुठून येतो ते तिला माहीत होतं. मुलगी पहाटे पाचला उठून दार लावून उड्या मारायची.

मुलगी सोळा वर्षांची. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून घरात तिला ढब्बू म्हणत. गेल्या वर्षी तिने ते नाव घ्यायला बंदी केली, आणि त्यानंतर एकेक करून पाव, दूध, साखर, रात्रीचं जेवण यांनाही. आता तिचा शर्ट खांद्यावर नुसता टांगल्यासारखा दिसायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी दोन किलो उतरलं तर हॉस्पिटलात ठेवावं लागेल, आणि हृदयावर ताण आला तर आपल्या हातात फार काही राहणार नाही.

कात्रीचं समजावून झालं, रागावून झालं, शेजारी बसून रडून झालं. पोरगी ऐकून घ्यायची आणि ताट सरकवायची. तिच्या कपाटाच्या दाराला आतून लांब आरसा होता, आणि त्याच्या चारी बाजूंनी मासिकाची कव्हरं चिकटवलेली. सदतीस कव्हरं. एकदा कात्री न राहवून म्हणाली होती, की या बायका अशा नसतात गं, खोटं आहे हे सगळं.

“माहितीये,” मुलगी म्हणाली. “तूच करतेस ना? मग तुला तरी हेच आवडत असणार.”

कात्रीने कपाटाचं दार लावून घेतलं होतं.

५

तिसऱ्या सकाळी आरशातल्या प्लेटा खांद्यांशी होत्या.

पाठ अशी ताणलेली, की मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू वेगवेगळे मोजता यावेत. कात्रीला भीती वाटली, आणि भीतीच्या आत, तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, थोडा अभिमानही. काय उचलत होती ती! मग तिची नजर आरशात मागे गेली, जिमच्या दाराकडे. फोटो काढताना तिथे कोच, फोटोग्राफर आणि दिवा धरणारी बाई असे तिघेच होते. आता दारात बायका उभ्या होत्या.

तिने फोटो मोठा केला. चेहरे अंधुकच राहिले, अंग मात्र दिसलं. एकीच्या दंडाखालची लोंबती कातडी. एकीच्या पोटावर आडवा व्रण. एकीच्या गुडघ्यावरची वळी. कात्री चेहरे विसरायची, पण काढलेलं कधी विसरत नसे. तो व्रण तिने अकरा वर्षांपूर्वी काढला होता, एका धावपटूचा. दंड त्याच्या आदल्या वर्षी. सगळं तिच्या हातचं होतं, आणि सगळं शाबूत होतं.

तिने संपादकबाईंना बोलावलं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं. त्यांना बायकाबियका काही दिसल्या नाहीत. आरशात गर्दी वाटते, नजर तिकडे जाते, एवढंच त्यांचं म्हणणं. “आरसा धूसर करून टाक,” त्या म्हणाल्या, “आणि आजच मंजूर समज. उद्या चारला छापखान्यात जायला हवं.”

कात्रीने आरसा धूसर केला. करड्या धुक्याचा एक पट्टा फिरवला आणि पाठ, प्लेटा, दार, बायका, सगळं त्यात गेलं. तिला सुटल्यासारखं वाटलं. मग नियमाप्रमाणे तिने कच्चा फोटो पुसला आणि फोटोग्राफरलाही तसं कळवलं.

६

त्या संध्याकाळी घरात उड्यांचा आवाज नव्हता. मुलीच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि ती कपाटासमोर उभी होती. ती हलत नव्हती.

“आई,” ती वळून न बघता म्हणाली, “मी दिसत नाहीये.”

कात्रीला वाटलं, चक्कर आली असेल, उपाशी पोटी डोळ्यांपुढे अंधारी येते. ती धावत गेली आणि मुलीला मागून धरलं. हाताला नुसत्या बरगड्या लागल्या. मग तिने आरशात पाहिलं. त्यात पलंग होता, खिडकी होती, खुर्चीवरचा शर्ट होता. जिथे मुलगी असायला हवी तिथे एक करडा, मऊ पट्टा होता. काच पुसून तो जात नव्हता. तो आतून होता.

तो धूसरपणा कात्रीने कुठेही ओळखला असता. त्याची कड ती नेहमी उजवीकडून डावीकडे विरवत आणायची. इथेही ती उजवीकडून डावीकडेच विरत गेली होती.

मुलगी घाबरली नव्हती, हेच सगळ्यात वाईट. ती हळूच म्हणाली, “इतकं पुरे ना आता?”

कात्रीने तिला कपाटापासून ओढलं, पलंगावर बसवलं, आणि तिचा हात हातात धरून बसून राहिली. काय करायचं ते तिला कळलं होतं. करायला काही उरलं आहे का, ते कळत नव्हतं, कारण कच्चा फोटो तिने स्वतःच पुसला होता.

७

सकाळी आठ वाजता ती गॅरेजवरच्या जिममध्ये पोचली. जिना अरुंद, खाली कोणीतरी चाक ठोकत होतं. वर एक लांबलचक खोली, रबराची जमीन, लोखंडाचा वास, आणि भिंतभर तो आरसा. आरशात खोली होती तशीच दिसत होती. कात्रीने त्याच्याकडे फार बघितलं नाही.

कोच एकटीच होती, जमीन पुसत होती. कात्रीने आपण कोण ते सांगितलं, काय काय काढलं ते सांगितलं, आणि तो फोटो आता कुठेच नाही हेही सांगितलं. आरशाबद्दल आणि मुलीबद्दल काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, मला तुम्हाला परत घालायचंय, आणि त्यासाठी नीट बघायला हवं.

कोच रागावेल असं तिला वाटलं होतं. कोच हसली. “बघा की. इतकी वर्षं लोक बघतात आणि मान फिरवतात. तुम्ही बसून बघा.”

तिने बारवर लाल प्लेटा चढवल्या, आरशाकडे पाठ केली आणि वाकली. कात्री समोर बाकावर बसली. फोटोत जे थांबलेलं होतं ते आता हललं. आधी पावलं जमिनीत रुतली. मग पोटऱ्या, मग मांड्या, मग ते मोठं पोट श्वासाने भरलं, आणि सगळ्या बाईतून जोर वर चढत गेला. तो कात्रीने पेनाने छाटलेल्या प्रत्येक जागेतून गेला. ती जागा नसती तर बार हललाच नसता. हे इतकं उघड होतं, आणि एकवीस वर्षांत तिला कुणी दाखवलं नव्हतं. कात्रीच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली.

“हात लावून बघा,” कोच बार खाली ठेवून म्हणाली आणि तिने पुन्हा श्वास भरला. कात्रीने भरलेल्या श्वासावर, त्या रुपेरी रेघांवर तळवा ठेवला. पोट घट्ट होतं आणि गरम होतं.

निघताना तिने विचारलं, की तुम्ही आरशाकडे पाठ का करता. “तोंड केलं की मी कशी दिसते तेच बघत बसते,” कोच म्हणाली. “वजन राहतं बाजूला. आणि पाठ केली ना, की मागे कुणीतरी आपल्याबरोबर उचलतंय असं वाटतं. बरं वाटतं ते.”

८

कात्री दहाला कामाला बसली. काढायचं तिला झोपेतही जमलं असतं. घालायचं कधी केलंच नव्हतं. पहिला तास नुसता फुकट गेला. मग तिने डोळे मिटले, तळव्याला काय लागलं होतं ते आठवलं, आणि हात चालायला लागला. मांडीचा बाहेरचा भाग. दंडावरची शीर. पोट, भरलेलं. रेघा एकेक करून, एकूण चौदा, कारण तिने मोजल्या होत्या.

आरशाला तिने हात लावला नव्हता. तरी पुढची बाई जसजशी भरत गेली, तसतसा मागचा करडा पट्टा विरळ होत गेला. दोनच्या सुमाराला त्यातून लाल रंग दिसला. तीनला प्लेटा स्पष्ट झाल्या. त्या डोक्याच्याही वर होत्या, हात सरळ ताठ. दारातल्या बायका आता दारात नव्हत्या. त्या आत येऊन पाठीमागे ओळीने उभ्या होत्या, आणि सगळ्यांचे श्वास धरलेले होते.

पावणेचारला आरशातल्या कोचने मान वळवायला सुरुवात केली. आधी कान दिसला, मग गालाची कड. फोटो हलत नाहीत, हे कात्रीला चांगलं ठाऊक होतं. तरी ती कड वळत आली, आणि तो गाल कोचचा नव्हता, फार तरुण आणि गोबरा होता. कात्रीने पुढचं बघितलं नाही. तिने फाइल छापखान्यात धाडली आणि स्क्रीन बंद केला.

संपादकबाई दोन मिनिटांत आल्या, हातात मोबाइल, त्यावर नवं कव्हर. हे मंजूर झालेलं नाही, त्या म्हणाल्या. कात्री म्हणाली, हो, पण गेलं. बाईंनी चष्मा लावून मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

“खरंच अशी आहे ती?”

“अशीच आहे.”

उद्या बोलू, असं म्हणून बाई गेल्या. उद्या काय बोलणार ते कात्रीला माहीत होतं. तिने फडकं आणि पेन पिशवीत टाकलं.

९

जिना चढताना तिला तो आवाज आला. धप्प. या वेळी इतका मोठा, की कठड्याला हात होता त्यात कंप जाणवला. तो तिच्याच घरातून आला होता. उरलेल्या पायऱ्या ती कशी चढली ते तिला आठवत नाही.

मुलगी कपाटासमोर जमिनीवर बसली होती. आरशात एक मुलगी होती. गोबरे गाल, भरलेले दंड, गेल्या वर्षीची ढब्बू. समोर बसलेलीच्या गळ्याची हाडं वर आलेली, आणि आतलीच्या अंगावर तोच शर्ट घट्ट बसलेला. आतली टक लावून बघत होती.

“आई,” मुलगी म्हणाली, “तिला भूक लागलीये.”

कात्रीने स्वयंपाकघरात जाऊन पाव भाजला, दोन अंडी केली, दूध गरम केलं. मुलीने आरशाकडे बघत पहिला घास घेतला. मग दुसरा. अर्धा पाव आणि एक अंडं खाऊन ती थांबली आणि रडली, आणि रडून झाल्यावर दूध प्यायली. कात्री ताटली दोन्ही हातांनी धरून शेजारी बसली होती. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. ढब्बू, ती हळूच म्हणाली, आणि पोरीने बंदीची आठवण करून दिली नाही.

मग मुलीने आरशात इकडेतिकडे पाहिलं. “तू कुठे आहेस?”

कात्रीने मान वर केली. आरशात मुलगी होती, तिच्या शेजारी हवेत ताटली होती, आणि ताटलीमागे करडा पट्टा होता. उजवीकडून डावीकडे विरत गेलेला. तो आज आलेला दिसत नव्हता. फार जुना वाटत होता, थरावर थर. नवऱ्याला पाठवलेला प्रत्येक फोटो तिला आठवला. एकाचाही मूळ फोटो उरलेला नव्हता.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “माझं कच्चं काही नाहीच आता.”

“मला माहितीये ना तू कशी आहेस,” मुलगी म्हणाली. ती गुडघ्यांवर सरकत पुढे गेली आणि आईकडे वळून तिला नीट न्याहाळलं, हनुवटीपासून कमरेपर्यंत, कुठेही नजर न चुकवता. मग तिने त्या धुक्यावर बोट टेकवलं आणि आईच्या खांद्याची रेघ काढायला लागली. रेघ रुंद होती.

कात्रीचे दोन्ही हात ताटलीवर होते. काचेच्या आतून, मुलीच्या बोटासमोर, एक बोट येऊन टेकलं. त्यावर वाटाण्याएवढा घट्टा होता.